शिजवणारीचा पहिला घास

रंगूनकाकू लोकांना वाढायच्या आधी स्वतः खायच्या. चारचौघांत, उभ्याने, शेगडीपुढे. कढईतला पहिला द्रोण त्यांचा, मग गिऱ्हाईक. आमच्या पेठेत विधवेने असं करणं म्हणजे गहजबच. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "रंगूनला आमच्या बिऱ्हाडाखाली चिन्याची शेवयांची गाडी हुती. त्यो पयला घास सोता खायाचा. गिऱ्हाइकाला दिसाय नको व्हय, ह्यात इख न्हाय म्हणून?"

काकू मूळच्या कोडोलीच्या. जपानी लढाईत रंगून सोडावं लागलं, नवरा वाटेतच गेला, आणि त्या परतल्या चिन्याची विद्या घेऊन. तालमीसमोरच्या कट्ट्यावर त्यांनी शेगडी मांडली. आपण शेवया गूळ-दुधात खातो. काकू रेशनच्या गव्हाच्या शेवया उकडून, निथळून, रसरशीत आचेवर लसूण-मिरचीत परतायच्या. कोबीचे दांडे, मुळ्याचा पाला, मंडईत जे गाईपुढे टाकतात ते सगळं त्यांच्या कढईत जायचं. पैलवान मंडळी आधी नाकं मुरडून गेली, मग द्रोण चाटून.

मी त्या काळी त्याच चौकात रेशनच्या अन्यायावर सभा घ्यायचो. सरळ सांगतो, ती बाई मला डोळ्यांसमोर नको होती. मी 'उपासमार' म्हणायला तोंड उघडावं आणि तिकडे लसूण तेलात पडावा! निम्मी सभा पाठ फिरवायची. तक्रार केली तर म्हणाल्या, "तू बोल की, पुढारी! मी काय तुझं त्वांड धरलंय?"

मग मीही काटकसरीच्या स्वयंपाकावर पत्रक काढलं. रेशनला मिलो नावाचा तांबडा परदेशी जोंधळा मिळायचा. तो कसा शिजवावा, हे मी ठणकावून लिहिलं. जन्मात चूल पेटवली नव्हती. बायकांनी दोन तास शिजवला, तरी दाणे बंदुकीच्या छऱ्यांसारखे. दुसऱ्या दिवशी साऱ्याजणी काकूंच्या कट्ट्याभोवती, मिलो भरडून कसा शिजवायचा ते विचारत. त्यांत माझी आई! घरचंच माणूस फुटलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

त्याच महिन्यात आई रेशनच्या रांगेत भोवळ येऊन पडली. मी पेटलो. 'रांगेत कोसळलेली माता' हे पत्रक दुपारपर्यंत छापून आणलं आणि मुद्दाम काकूंच्या हातात दिलं. बघा म्हटलं, लढा कशाला म्हणतात. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"ब्येस लिवलंयस. सकाळी आई जेवली हुती?"

मला माहीत नव्हतं.

"आन् तू?"

मी दोन भाकरी खाऊन निघालो होतो.

"निम्मं सरकारनं खाल्लं, कबूल. बाकीचं कुणी खाल्लं रं?"

आई सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर जेवते, हे मी रोज बघत होतो. इतकी पत्रकं लिहिली, पण एकातही ही ओळ नव्हती.

काकू तडक आमच्या घरी आल्या. शेवया परतल्या आणि पहिली ताटली आईपुढे ठेवली. आई लाजेने अर्धी झाली. "पोराच्या आधी कसं खाऊ ओ?"

"खावा, वैनी. पोरगं काय पळून जात न्हाय. शिजवणारीच पडल्यावर चूल कोण बघणार, ह्यो पुढारी?"

आई हसली, आणि जेवली. पोटभर, माझ्यादेखत. तीन वर्षं मी जिच्या पोटासाठी घसा फोडत होतो, तिला घास दुसरीनेच भरवला. आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला, इतका की मी न जेवता उठलो.

रेशन उठलं त्या सुमारास काकूंचा भाऊ त्यांना कोडोलीला घेऊन गेला. मोटारस्टँडपर्यंत त्यांची कढई मीच उचलून नेली.

"पुढारी, जळतोस का अजून?"

"जळतो."

"जळ की. पर वैनीच्या आधी जेवू नगंस."

त्याला आता दोन वर्षं झाली. आई भाकरी भाजते, पहिली आपल्या ताटात घेते आणि मला म्हणते, "थांब जरा." मी थांबतो. गरम भाकरी मोडताना ती अजून काकूंचं नाव काढते. माझं कधी काढलेलं नाही.