मागची जागा

चष्मेवाल्या काकांचा जीव त्यांच्या लांबलचक स्टेशन वॅगनमध्ये अडकलेला. बाकीच्या गाड्यांना ते डबे म्हणत आणि वळणावर झोकात मागे टाकत. मागे अख्खं कपाट मावेल एवढी जागा, पण तिथे काही ठेवायची कुणाची टाप नव्हती. तिथल्या गालिच्यावर डाग पडला असता ना. बाजारातून येताना काकू भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसत. "गाडी आहे की शोकेस?" एवढंच म्हणत.

दवाखान्याने हात टेकले आणि काकूंना घरी न्यायचं ठरलं, तेव्हा त्यांना बसवतही नव्हतं. काकांनी मागची सीट आडवी केली, घरची गादी अंथरली आणि त्यांना अलगद निजवलं. मग गाडी इतकी हळू चालवली की सायकलवालेही पुढे निघून गेले.

काकूंनी पाय लांब केले. मागच्या काचेतून झाडांचे शेंडे सरकत होते.

"एवढी जागा होती होय इथे," त्या म्हणाल्या.

काकांनी गाडी आणखी हळू केली.

काकू गेल्या. गादी अजून गाडीत तशीच आहे. बाजारातून येताना काका भाजीची पिशवी आपल्याच मांडीवर घेऊन गाडी चालवतात.