पिठाच्या चाळणीतून शेत

घरात शिकलेला मी एकटाच, असा माझा बरीच वर्षं समज होता. थोरल्या भावाने सातवीनंतर शाळा सोडली, घनसावंगीजवळचं आमचं शेत अंगावर घेतलं आणि त्याच्या कष्टांवर मी बी.ए. झालो, हा तपशील मी सोयीस्करपणे विसरलेला असे. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या उघडत होत्या आणि त्यांतल्या एकीत मला कारकुनी मिळाली. जुन्या जालन्यात भाड्याची खोली, खिशाला पेन, आणि बोलताना दर वाक्याआधी ‘वास्तविक पाहता’. गावी गेल्यावर मी वहिनीकडे पाणीसुद्धा ‘वास्तविक पाहता तहान लागली आहे’ असं म्हणून मागायचो. ती बिचारी तांब्या द्यायची.

एका उन्हाळ्यात सुट्टी काढून गावी गेलो, तर दादाच्या डोक्यात मोसंबी. विहिरीजवळच्या चार एकरांत कापूस बंद करून बाग लावायची, असं त्याने ठरवत आणलं होतं. पण मोसंबी म्हणजे पाच-सहा वर्षं नुसतं पाणी घालत बसायचं, मग फळ. जमिनीत खाली चुनखडी असली तर नेमकी फळाच्या वयात झाडं पिवळी पडून वाळतात. आमच्याच शिवारात एकाची बाग तशी गेली होती आणि तो माणूस पुढे वर्षभर त्या वाटेने गेला नाही. दादाला हीच धास्ती होती. म्हणून त्याने शेताच्या मधोमध कमरेइतका खड्डा खणला, तळाची माती एका पिशवीत भरली आणि कृषी विद्यापीठात तपासून आणायला मला सांगितलं. त्याचा एका जागी पाय टिकत नसे, पण पिशवी देताना तो थांबला आणि मला समजावलं.

“जशी हाय तशी नेऊन दे. साहेब हो म्हणला तरच मी खड्डे घेतो, न्हाई तर न्हाई.”

रात्री जेवणं झाल्यावर मी पिशवी उघडून पाहिली आणि मला लाजच वाटली. ढेकळं, मुळ्या आणि हरभऱ्याएवढे पांढरे खडे. विद्यापीठात, प्राध्यापकांसमोर हे ओतायचं? आमच्याकडे पाहुण्यांसमोर ज्वारीसुद्धा निवडल्याशिवाय ठेवत नाहीत. पहाटे सगळे उठायच्या आत मी मागल्या अंगणात बसलो, ढेकळं वरवंट्याने फोडली आणि वहिनीची पिठाची चाळणी घेऊन सगळी माती चाळून काढली. पांढरे खडे एकेक करून वेचले आणि गोठ्याच्या भिंतीकडेला टाकले. माती इतकी देखणी झाली की दादाच्या कळकट पिशवीत ती घालवेना. माझ्याकडे जालन्याच्या एका कापड दुकानाची नवी कोरी पिशवी होती. त्यात भरली.

जीपमध्ये दाटीवाटीने परतूर, तिथून पॅसेंजर. विद्यापीठाचं गाव म्हणजे काहीतरी भव्य असणार, अशी माझी कल्पना होती. उतरलो तर आपल्याकडचाच बाजार, आपल्याकडचीच धूळ, आणि भज्यांच्या गाडीवर पुस्तकं काखेत धरून उभी असलेली शेतकऱ्यांची पोरं. फाटकाच्या आत मात्र सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं, आणि वाफ्यावाफ्यात पाट्या लावलेली पिकं. पाट्यांवर नुसते आकडे. मी प्रत्येक पाटीपुढे थांबून समजल्यासारखी मान हलवत होतो. एका वाफ्यापुढे जरा जास्तच वेळ हलवली, तेव्हा पाणी देणाऱ्या बाईने सांगितलं की ह्यात अजून काही पेरलेलं नाही.

माती तपासायच्या इमारतीबाहेर लिंबाखाली रांग होती. मोजकीच माणसं, धोतरं, टोप्या, आणि प्रत्येकाच्या पिशवीत तीच ढेकळं, तेच दगड. मला त्यांची कीव आली. माझा नंबर आला तेव्हा मी पिशवी अशी उघडली की रांगेतल्या सगळ्यांना दिसावी.

प्राध्यापक वयस्कर होते. त्यांनी चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली आणि म्हणाले, ही तर कपाळाला लावण्यासारखी आहे. मी विनयाने मान खाली घातली. हे कौतुक नव्हतं, हे समजायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

मग त्यांनी विचारलं, “चाळून आणलीत का?”

हो म्हणायला काय जात होतं? पण मागे रांग उभी, खिशाला पेन, आणि बी.ए.चा ताठा. मी म्हणालो, “नाही साहेब. वास्तविक पाहता आमची जमीनच अशी आहे.” मागे कोणीतरी खाकरलं. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की कागद टपालाने येईल, पण चार फुटांपर्यंत जमीन अशीच असेल तर मोसंबी खुशाल लावा. त्यातलं ‘असेल तर’ मी तिथेच लिंबाखाली ठेवलं आणि ‘खुशाल लावा’ तेवढं घेऊन निघालो. गाडीला वेळ होता. तो मी कॅन्टीनमध्ये दोन विद्यार्थ्यांना जमिनीची निगा कशी राखावी हे समजावण्यात घालवला. त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले आणि उठून दुसऱ्या टेबलावर बसले.

संध्याकाळी दादा ओसरीवरच बसला होता. मी बातमी दिली. त्याला उडी मारायला हवी होती, पण त्याने एवढंच विचारलं, “खडे बघितले साहेबानं?”

“सगळं बघितलं,” मी म्हणालो. दिवसातलं दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. दादा बरं म्हणून उठला.

सकाळी तो घरात नव्हता. वहिनीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी चाळणी ठेवली. जाळीत काळी माती अडकलेली.

“भावजी, कालच्या भाकरी कचकचल्या म्हनून बघितली,” ती म्हणाली. गोठ्याकडेचे खडे दादाने आदल्या दिवशीच पाहिले होते. ते वेचून, रुमालात बांधून, पहाटेच्या जीपने तो विद्यापीठात गेला होता. म्हणजे काल ओसरीवर तो मला खरं बोलायची संधी देत होता.

दादा दिवस मावळताना आला. साहेबांनी खड्यावर औषध टाकलं तसा तो सोड्यावानी फसफसला, म्हणाला. म्हणजे खाली चुनखडीच. चार एकरांत मोसंबी नाही. कापूसच. एवढं सांगून तो जेवायला बसला. मला राहवेना. साहेब माझ्याबद्दल काही बोलले का, असं विचारलं. तेवढ्यातही मला माझंच पडलं होतं.

दादाने घास खाली ठेवला. “इचारलं, कालचे पेनवाले तुमचे कोन? मी म्हनलो, गावातलं कुनीतरी आसंल.”

त्याने मला वाचवलं की स्वतःला, हे मी विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ‘गावातलं कुनीतरी’ हे मात्र फार लागलं, आणि पुढे जालन्यात फाइली लावता लावता मध्येच आठवून लागत राहिलं. माझं ‘वास्तविक पाहता’ त्याच सुमारास बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात दादाने ओढ्याकडच्या दोन एकरांत खड्डा खणला आणि मला म्हणाला, चल संगं. पिशवी मी खांद्यावर घेतली. जीपमध्ये, गाडीत, रस्त्यावर, कुठेही तिची सुतळी सोडली नाही. लिंबाखाली तीच रांग, आत तेच साहेब. त्यांनी दादाला ओळखलं, मग माझ्याकडे पाहत राहिले. मी खिशातलं पेन चाचपलं. ते घरीच ठेवून आलो होतो.

“हे कोण?” साहेबांनी विचारलं.

“माझा धाकटा भाऊ हाय, साहेब,” दादा म्हणाला. “ह्या बारीला चाळनी घरी ठिवून आलाय.”

रांगेतली माणसं हसली, साहेब हसले, मीही हसलो. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी खाली वाकलो, सुतळी सोडली आणि माती ढेकळांसकट त्यांच्यापुढे ओतली.