तीन कुलपांचं दार

"पोरगी आत हाय! माय वो, माझी पोरगी आत हाय!" असं मी वरडले तवा येळवसंच्या जेवणाला बसलेली पन्नास माणसं हातातला बाजरीचा उंडा हातातच धरून माझ्याकडं बघाय लागली. मी पत्र्याच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारून राहिले होते, अन्‌ ते दार काही ऐकंना, कारण ते दार आमच्या चुलत सासऱ्यांनी केलेलं होतं. औसा तालुका सोडा, अख्ख्या लातूर जिल्ह्यात चोराला कुणी भेत नसंल तेवढे हे आमचे चुलत सासरे, म्हंजी मामा, भेतेत. अन्‌ गंमत बगा, त्यांच्या शेतात चोर म्हणून आजपस्तोर कुणी फिरकलेलाच न्हाई. थांबा, दम लागलाय मला नुसत्या आठवणीनं, नीट सांगते.

मी नांदेडकडली. माझ्या माहेरी, विष्णुपुरीकडं, शेतातल्या निवाऱ्याला आखाडा म्हणतेत, इथं नुसतं शेड. लग्न होऊन आले तवा सासूबाईंनी मला देव दाखवला, चूल दाखवली अन्‌ तिसरं सांगितलं, "थोरल्यांच्या शेडाला हात लावू नको बाई." मला वाटलं आत काय सोनं-नाणं हाय का काय. आत काय, तर मोटारीचा एक जुना स्टार्टर, केबलचं वेटोळं, फवारणीचा पंप, सोयाबीनची चार पोती, अन्‌ चुलत सासूबाई वारल्या त्यांची पत्र्याची पेटी. शेजारच्या शिवारातली कुणाची तरी केबल चोरीला गेली, तेवढं ऐकलं अन्‌ मामांची झोप गेली ती गेलीच.

आधी लातूरला एका दुकानात कॅमेरा आणायला गेले. आमचे हे संगं होते म्हणून मला कळलं. दुकानदार म्हणला, "काका, घरी बसल्या बसल्या मोबाईलवर शेत दिसंल. तिकडं नेट हाय न्हवं?"

मामा म्हणले, "नेट सोड, हालो म्हणायला रेंज न्हाई. विहिरीच्या कठड्यावर चढून उजवा हात वर केला का एक कांडी येती."

"मंग उपयोग न्हाई काका."

"म्हंजी चोर आला का मी आधी कठड्यावर चढू, हात वर करू, अन्‌ मंग बघू का चोर आला? चोरच म्हणंल, हात कामून वर केलेत, मी कुठं बंदूक आणलीय!"

तरी दुकानदारानं बिननेटचा, आत कार्ड घालायचा कॅमेरा गळ्यात मारलाच. आठ दिवसांनी कार्ड काढून ह्यांच्या मोबाईलात घातलं अन्‌ आम्ही सगळे डोळे फाडून बसलो. आठ दिवसांत शेडापाशी एकच संशयित सापडला. धोतरवाला, पाठमोरा. येतोय, कुलूप ओढून बघतोय, जातोय, दहा पावलांवरनं माघारी येतोय, परत ओढतोय. मामा म्हणले, "ह्यो कोण रं? लई सरावलेला दिसतोय."

हे म्हणले, "काका, तुम्हीच."

मामांनी मोबाईल डोळ्यापाशी धरला. मंग म्हणले, "मला वळखत न्हाई तो कॅमेरा चोराला काय वळखणार?" अन्‌ दुसऱ्या दिवशी काढून ठेवला.

तवापसून मामांनी बिगरनेटचा बंदोबस्त हाती घेतला. विकलेल्या बैलांच्या घुंगुरमाळा तारेला बांधून शेडाभोवती फिरवल्या, उरलेली एक आत ठेवली. वारं सुटलं का वाटायचं बैलपोळा आला. दारावर खडूनं कवटी काढून खाली लिहिलं, 'करंट सोडला आहे', पण खरंच सोडलाय का न्हाई ते कुणाला सांगितलं न्हाई, लायनमनला बी न्हाई. पत्र्याच्या कडेनं तिखटाच्या पुरचुंड्या टांगल्या. दारापुढं रोज चुलीची राख चाळून पसरायची अन्‌ सकाळी उकिडवं बसून तिच्यावरले ठसे वाचायचे, ज्योतिषी पत्रिका वाचतो तसे. "ही मांजर. हे मुंगूस. हे मांजरामागं लागलेलं मुंगूस." एकदा माणसाच्या चपलेचा ठसा निघाला. मामांनी सुतळीनं माप घेतलं, सप्त्यात देवळाबाहेर अख्ख्या गावाच्या चपला निघाल्या तवा एकेकीला सुतळी लावून बघितली, अन्‌ माप जुळलं ते कीर्तनकार महाराजांच्या चपलेशी! आत महाराज निरूपण करून राहिले अन्‌ मामा खांबाला टेकून त्यांच्याकडं असे बघाले का महाराज दोनदा अभंग चुकले. मागनं कळलं का महाराज हुरडा खायला शेतात आले होते, अन्‌ बोलावलं कुणी, तर मामांनीच. आम्ही पोट धरून हसलो. तवा नुसतं हसलो.

सगळ्यात मोठं काम म्हंजी ते दार. डाव्या अंगाला तीन कुलपं, एकापेक्षा एक थोर, अन्‌ चाव्या मामांच्या करदोड्याला. सकाळी कुणी यायच्या आत मामा एकटे जाऊन दार उघडायचे, ते दिसभर उघडं. उघडताना कुणी बघितलेलं न्हाई, आमच्या ह्यांनी बी न्हाई.

आता त्या दिवसाचं. येळवस म्हंजी वेळ अमावस्या, आमच्याकडली मोठी. त्या दिशी गाव ओस अन्‌ शेतं भरलेली. कडब्याची कोप, म्हंजी खोपी, करायची, आत पाच पांडव पुजायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, उंडे अन्‌ बिंदगीभर, म्हंजी घागरभर, आंबील, अन्‌ वाटंवरल्या अनोळखी माणसाला बी हाताला धरून जेवायला बसवायचं. मामांची त्या दिशी लई वढाताण होती. माणूस दिसला का "या, बसा, आंबील घ्या" म्हणायचं, अन्‌ तो बसला का त्याची नजर शेडाकडं जाती का ते बघायचं. माझी चिमी अडीच वर्षाची, कडंवर झोपली. बाहेर गलका, ऊन, म्हणून मी तिला उघड्या शेडात पोत्यांवर निजवलं. मामांना सांगायचं, तर पन्नास पाहुण्यांत सून सासऱ्याला काय हाक मारणार? वाटलं, दार उघडंच ऱ्हातंय. अन्‌ मी वाढायला लागले. मामांना दुसऱ्या शेतातल्या कुणीतरी आंबील प्यायला बोलावलं. त्यांनी जाताना दार ढकललं, तीन कुलपं ठोकली अन्‌ गेले.

मी वरडल्यावर सगळे धावले, अन्‌ कवटी बघून सगळे थांबले. करंट! एका पाहुण्यानं उलातन्याच्या लाकडी मुठीनं दाराला शिवून बघितलं, मेला न्हाई, मंग धीर आला. ह्यांनी दगडानं एक कुलूप तोडलं. दुसरं तोडलं. तिसरं तोडलं. अन्‌ दार? दार हललं बी न्हाई. तीन कुलपं मातीत पडलेली अन्‌ दार जसंच्या तसं, जसं काही कुलपांचा अन्‌ त्याचा काही संबंधच नव्हता. एकानं पहार घातली, तर वरनं तिखटाच्या पुरचुंड्या फुटल्या अन्‌ दहा माणसं शिंकत शिंकत हरभऱ्यात पळाली. आतनं चिमी खोकली. मी पहारीला लोंबकळले, "नका, नका मारू, लेकरू हाय आत!" आतनं आवाज आला, "आई, पानी."

अन् तेवढ्यात मला आठवलं, तुरीवरच्या अळीचं औषध मामा शेडातच ठेवतेत. लाल बाटल्या, शरबतावानी. "चिमे, कशाला हात लावू नको गं, चिमे, काही पिऊ नको!" मी पत्र्याला तोंड लावून वरडत होते. आधी ती रडली, मंग घुंगरू वाजलं, अन्‌ मंग काहीच न्हाई. ते काहीच न्हाई मला आजबी ऐकू येतंय.

फोन लावायचा तर रेंज न्हाई. हे एकीकडं पळाले, धाकले दीर दुसरीकडं. पण येळवसंला माणूस शोधणं म्हंजी काय सांगू! कुठल्याबी कोपीपाशी जावा, "आत्ताच गेले की आंबील पिऊन. तुम्ही बसा, घोट घ्या." ह्यांनी हात जोडले, "माझी पोरगी अडकलीय वो," तर म्हातारी म्हणती, "मंग तर घ्याच, उपाशीपोटी देव कसा पावंल!" हे तरी ढकलून सुटले. दिराला तिसऱ्या कोपीत धरलं, चौथ्यात परत पाजलं, अन्‌ ज्वारीच्या आंबटढाण आंबिलीनं ज्याला झोप येत न्हाई तो माणूस न्हाई. पाचव्या कोपीत आडवे झाले ते थेट दिवेलागणीला उठले अन्‌ विचारलं, "मी कशाला निघालो होतो?"

मामा सापडले ते ह्यांनाच, सातव्या शेतात. धोतर वर खोचून धावत आले. पायात चप्पल न्हाई, तोंडाला आंबील तशीच. तोडलेली कुलपं बघितली, ओलांडली. दारापाशी गेले अन्‌ नुसते उभे राहिले. मंग पन्नास माणसांकडं वळून म्हणले, "तोंडं फिरवा."

"काका!" हे वरडले.

"तोंडं फिरवा म्हणतो ना सगळ्यांनी!"

काय करता? पाहुणे, शेजारी, वाटंवरले दोन अनोळखी, सगळे ज्वारीकडं तोंड करून उभे राहिले, शाळेत प्रार्थनेला उभे ऱ्हातेत तसे. मी डोक्यावरला पदर तोंडावर ओढला. पण माझा पदर येळवसंचा, नवा, पातळ. अन्‌ माझं लेकरू आत होतं. मी त्या पदरातनं बघितलं.

मामांनी कुलपाच्या बाजूला बघितलंच न्हाई. उजवीकडं, बिजागरीवर, लिंबू-मिरची टांगलेली होती. लिंबू-मिरचीला कुणी हात लावत न्हाई, चोर तर न्हाईच न्हाई. ती ज्या तारेला बांधली होती ती तार म्हंजी बिजागरीतनं खालपस्तोर गेलेल्या सळईचं टोक. ती वर ओढली का दार उजवीकडनं उघडतंय, ढकललं का ती आपसूक खाली बसती. खरी बिजागरी डावीकडं आतनं, तीन कुलपं नुसती देखावा! पण मामांनी ओढली अन्‌ ती आली न्हाई. परत ओढली. आली न्हाई. ओठ हलत होते, मोजल्यावानी. तेवढ्यात आतनं चिमीनं मामांना हाक मारली, "आबा?" अन्‌ मामांनी सळई आधी अर्धी आपल्याकडं फिरवली, मंग वर ओढली, अन्‌ दार उघडलं.

चिमी पोत्यावर बसली होती, गळ्यात घुंगुरमाळ, अन्‌ सुतळीचा तोडा चघळत होती. बाटल्या? बाटल्या चुलत सासूबाईंच्या पेटीत, अन्‌ पेटीला तीन कुलपं, खरी. इतका वेळ मी मामांच्या ज्या कुलपांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, तसल्याच तीन कुलपांनी माझी लेक वाचवली. मामांनी तिला उचललं, बाहेर आले, पायानं दार ढकललं अन्‌ म्हणले, "हं, वळा आता." मंग मला, पहिल्यांदाच सरळ मला, म्हणले, "सूनबाई, मला सांगायचं होतं की गं." अन्‌ कोपीमागं जाऊन बराच वेळ बसले.

मला तवा राग आला होता. लेकरू आत अन्‌ मामांना गुपिताची पडलीय! आता वाटतंय, तोंडं फिरवा म्हणले ते गुपितासाठी न्हाई म्हणले.

कारण त्यानंतर महिन्याभरानं मी सकाळी चिमीला घेऊन शेतात लवकर गेले, तर मामा दारापुढं उभे. नवी तीन कुलपं, त्यांनीच औशाहून आणलेली. पहिलं काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं, अन्‌ दार डावीकडनं ओढाय लागले. येईना. परत लावली, परत काढली. चोरासाठी मांडलेल्या डावात मामा स्वतःच अडकले होते, अन्‌ वर लिंबू-मिरची वाऱ्यानं हलत होती. मी पदर सावरून म्हणले, "मामा, थंडीनं पत्रा आखडला असंल. तुम्ही चिमीला जरा विहीर दाखवून आणा, मी ढकलून बघते." दोघं वळले तवा मी सळई अर्धी फिरवली अन्‌ वर ओढली. मामा आले, उघडं दार बघितलं, म्हणले, "आखडलाच होता. ऊन आलं का सुटतंय ते."

तवापसून मी रोज त्यांच्याआधी जाते. सळई वढून ठेवते, दाराला बोटभर फट ठेवते अन्‌ तुरीत सरपण गोळा करत बसते. तासाभरानं मामा येतेत, राख बघतेत. माझी पावलं असतेत तिच्यात, पण "सूनबाई" म्हणून पुसून टाकतेत. तीन कुलपं सावकाश काढतेत, अन्‌ दार भलत्याच बाजूनं उघडतंय त्याचं त्यांना काही वाटत न्हाई. कसे ताठ आत शिरतेत! मामा जग जिंकून आल्यावानी दिसतेत. शनिवारची लिंबू-मिरची पण आता मीच बांधते.

म्हंजी जिल्ह्यातलं सगळ्यात बंदोबस्ताचं शेड माझ्यामुळं रोज सकाळी तासभर उघडं असतंय. ह्यांना सांगावं तर हे मामांना घेऊन लातूरच्या दवाखान्यात जातील, अन्‌ मामांना कळंल का आपलं दार आपल्याला येत न्हाई. न सांगावं तर मी माहेरी गेल्यावर मामा त्या दारापुढं किती वेळ उभे ऱ्हातील? मी अजून कुणाला बोलले न्हाई, तुम्हालाच बोलले, अन्‌ तुम्ही पण लिंबू-मिरचीचं ऐकलंच हाय, तर जरा तोंडं फिरवा. पण फिरवायच्या आधी तेवढं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?