नलूताईंची धण्यांची चप्पल

नलूताईंच्या स्वयंपाकघरात तव्याशेजारी खिळ्याला एक चप्पल टांगलेली असायची. एकच, डाव्या पायाची, घासून धुतलेली. ती फक्त धण्यांसाठी होती. लादीवर कागद पसरायचा, त्यावर धणे टाकायचे आणि चपलेने हलकेच रगडायचे. एका धण्याच्या दोन डाळी झाल्या की मग पेरायचे. "फुटल्याशिवाय रुजणा नाय गो," त्या म्हणायच्या. मजल्यावरची पोरं ती चप्पल हातात मिळावी म्हणून रांग लावायची.

बोरीवलीच्या आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. त्या मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये श्रीखंडाच्या डब्यांत कोथिंबीर, मेथी, पुदिना, आणि तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये कढीपत्ता. प्रत्येक डबा एकेका पोराचा. पुदिना माझ्या सोनीचा. पान तोडण्याआधी रोपाला विचारायचं, असा नलूताईंचा नियम होता. सोनी विचारायची आणि स्वतःच बारीक आवाज काढून "घे" म्हणायची.

मी तेव्हा कोणाशी बोलत नसे. दारात उभी राहून ऐकायची, हसायची. एकदा नलूताईंनी मला आइस्क्रीमच्या काड्यांवर रोपांची आणि पोरांची नावं लिहायला बसवलं. मी म्हटलं, मी चौथीच शिकलेय.

"मगे माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त. लिही."

कढीपत्त्याला त्या आठवड्यातून एकदा मासे धुतलेलं पाणी घालायच्या. वाटीभरच, आणि खाली थाळी ठेवून. मे महिन्यात एके सकाळी त्या बाजारात गेल्या होत्या. पोरं माझ्याकडे आली, पाणी मागायला. मी नुकतीच मांदेली साफ केली होती. पोरांबरोबर गेले आणि अख्खं पातेलं ओतलं. थाळीचं लक्षातच आलं नाही, पाणी खाली गळलं. खालच्या मजल्यावर जसुबेनचे तांदळाचे खिचिया पापड वाळत होते. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही.

नलूताई पिशवी घेऊन परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग जसुबेन वर आल्या. "नलुबेन, माझे सगळे पापड बगडले. मच्छीचं पाणी! संध्याकाळपर्यंत एकपण डबा खिडकीत नको. नायतर मी कमिटीत सांगते."

नलूताईंनी पोरांकडे पाहिलं, मग एकदाच माझ्या दाराकडे. मी दाराआड झाले.

"चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "म्हातारी झालंय, हात हलता."

जसुबेन गेल्या. नलूताई एकेक डबा उतरवून लादीवर ठेवू लागल्या. सोनी पुदिन्याचा डबा पोटाशी धरून बसली होती. "खाली उजेड नाही, तो मरेल ना?" तिने विचारलं. नलूताईंनी पुढचा डबा उतरवला.

मी खाली गेले आणि बेल वाजवली.

"पाणी मी ओतलं," मी म्हणाले. "नलूताई घरी नव्हत्या. पापड मी लाटून देते. पोरांचे डबे राहू द्या." सगळं एका दमात.

जसुबेन माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू बोलते? चार वरस मला वाटलं, मुकी छे." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

दोन दिवस मी त्यांच्याकडे पापड लाटले. "पातळ. अजून पातळ," एवढंच त्या म्हणायच्या. डबे राहिले. मासळीचं पाणी मात्र कायमचं बंद. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओव्याची एक फांदी वर पाठवली आणि निरोप दिला की काडीवर त्यांचंही नाव पाहिजे.

पापड संपवून मी वर आले तेव्हा नलूताईंनी खिळ्यावरची चप्पल काढून माझ्या हातात दिली. "आज तू रगड."

गेल्या वर्षी त्या भावाकडे गावी राहायला गेल्या. जाताना डबे पोरांना वाटले, चप्पल मला दिली. आता ती माझ्या तव्याशेजारी टांगलेली असते आणि रांग माझ्या स्वयंपाकघरात लागते. सकाळी मी माझ्या खिडकीतल्या झाडांना पाणी घालायला लागले की खालून आवाज येतो, "कसलं पाणी?"

मी ग्रिलला तोंड लावून सांगते, "तांदळाचं, जसुबेन."

सोनी म्हणते, गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जातं.