काचेवरच्या डाळी

मावशीच्या नव्या मोबाईलच्या काचेवर मी गुळाच्या पाकानं डाळी चिकटवल्या.

हे लिहितानाही बोटं चिकट झाल्यासारखी वाटतात. गुळाची ढेप दिसली की मी आजही तोंड फिरवतो. लोकांना वाटतं, शुगर झाली.

मावशीची नजर काचबिंदूनं गेलेली. जुना बटणांचा फोन ती पाचच्या बटणावरचा उंचवटा चाचपून झकास चालवायची. तो बिघडला आणि मुलानं काचेचा आणून दिला. काच सगळीकडून सारखीच, बोटाला काय कळणार? शाहपुरच्या बहिणीला फोन करायचा तर मुलगा लावून द्यायचा आणि तिथंच उभा राहायचा.

"मला तिच्याशी एकटीनं बोलायचंय रे," मावशी मला म्हणाली. "हा डोक्यावर उभा, मग मी काय नुसतं हवापाण्याचं बोलू?"

मी रिटायर मास्तर. जन्मभर पुठ्ठ्याची घड्याळं दाखवून पोरांना वेळ शिकवली. म्हटलं, "मावशी, टेन्शन नको घेऊ."

फोन घरी आणला. पहिल्या पानावर तीनच चित्रं ठेवली: वर बहीण, मधे मुलगा, खाली डॉक्टर. बोट लागलं की थेट फोन. बहिणीवर तुरीची डाळ, मुलावर हरभऱ्याची, डॉक्टरवर मुगाची. डिंकानं काच खराब होईल, गूळ धुता येतो, असा हिशोब. फोनमधे एक बाई असते, बोट फिरेल तिथलं नाव सांगते, दोनदा टकटक केलं की फोन लावते. तिला बंद केलं. डाळ असताना तिची कटकट कशाला! मग डोळे सताड उघडे ठेवून तीनदा तपासलं. तिन्ही वेळा बरोबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी लालबागला तिच्या घरी गेलो. एप्रिल, वर पत्रा. मावशीनं फोन मुठीत घट्ट धरला. पाक पातळ झाला आणि तुरीची डाळ सावकाश घसरत मुलाच्या चित्रावर जाऊन बसली. मी पाहत नव्हतो. मी चहात टोस बुडवत होतो.

तिनं वरून पहिली लागलेली डाळ दाबली आणि पलीकडून कोणी बोलायच्या आतच सुरू झाली, "अगं, ऐक. याची बायको मला कालचं वरण वाढते आणि हा नंदीबैल मान हलवतो..."

फोनमधून मुलाच्या कामावरच्या पावरलूमची खडखड आली. मग आवाज आला, "आई?"

मावशीनं फोन मांडीवर टाकला. "शी! हे काय वळवळतंय?" चार्जरच्या भोकातून मुंग्यांची रांग निघाली होती. काही पाकात रुतून पाय हलवत होत्या, एक तिच्या बोटाला डसली. मी झाडूच्या काडीनं भोकं कोरत बसलो. बाहेर काय आलं ते विचारू नका. तपकिरी लगदा, त्यात मुंग्यांच्या तंगड्या, त्यात सालासकट मूग. वास असा की हातातला टोस नालीत टाकला. किळस मुंग्यांची कमी, माझीच जास्त.

मुलानं फोन कपाटात ठेवला तो आठ दिवस. आईशी बोलणंही तेवढेच दिवस बंद. शेवटी सुनेनंच काढून दिला.

मावशीनं मला बोलावलं. "हात धुऊन ये. गादी शिवायचा दोरा आण."

बहिणीच्या चित्राच्या रेषेत, फोनच्या कव्हरच्या कडेला तिनं दोऱ्याचे दोन वेढे माझ्याकडून घालून घेतले, वर गाठ. "आता तू बंद केलेल्या त्या बाईला चालू कर." गाठीवरून अंगठा आत सरकवला. बाई म्हणाली, "शाहपुर." मावशीनं दोनदा टकटक केलं. घंटी वाजू लागली.

"तू बाहेर जा," ती मला म्हणाली.

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आतून आवाज आलाच.

"हो, एकटीनंच लावला. तो? असेल दारात कान लावून. मास्तर होता म्हणे! याच्या हाताखालची पोरं पास कशी झाली, देव जाणे."