उघड्या बशीची राखण

सातवीतून शाळा सोडलेल्या बाईला जंतू मोजायचं काम कोणी देत नाही. मलाही दिलं नव्हतं. मला फक्त एका बशीची राखण करायची होती, एक तास. त्या एका तासात मी जे केलं, त्यानं माझी नोकरी जायची वेळ आली.

छत्तीसगड वेगळं होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही वर्ध्याकडचे. नवऱ्याला फॅक्टरीत काम लागलं म्हणून जबलपूरला आलो आणि अधारतालला एका खोलीत राहिलो. शेजारच्या ताईनं ओळख लावून मला संग्रहालयात झाडू-पोछ्याला आणि दिवसभर हॉलमध्ये बसायला लावून दिलं. सहा महिन्यांचा कागद होता. मार्चमध्ये साहेबांनी पुन्हा सही केली तर पुढं, नाही तर घरी. त्या ताईचे उपकार मी अजून मानते. तेव्हा तर इतके मानायची की फाटकावरच्या दगडी सिंहालाही 'जी' म्हणावंसं वाटायचं.

माझ्याकडे मूर्तींचा हॉल होता. मधोमध बुद्ध बसलेले, नाक जरासं तुटलेलं. परक्या गावात तेवढाच एक ओळखीचा चेहरा. सकाळी पोछा आधी त्यांच्याभोवती मारायची, मग बाकीच्या देवांकडे वळायची. बाकीच्यांनी कधी तक्रार केली नाही. पण जीव थाऱ्यावर नसायचा. काठी लागून कोणाचा हात तुटेल, शाळेची पोरं काच फोडतील, कोणी इंग्रजीत काही विचारेल.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस बडे बाबू, म्हणजे ऑफिसातले मोठे कारकून, दारात येऊन उभे राहिले.

"दीदी, कल से जाँच है. यूनिवर्सिटी वाली मैडम आएँगी. हवा की जाँच. जिसके हॉल में गंदगी निकली, मार्च में उसका देख लेंगे."

"फर्श की नहीं?" मी विचारलं.

"हवा की."

फरशी माझ्या हातातली होती. हवा कशी पुसतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी फिनाईल दुप्पट टाकलं आणि दोन वेळा पोछा मारला. बडे बाबू शिंकत शिंकत निघून गेले.

मॅडम राइट टाउनवरून स्कूटीनं आली. पोरगीच होती, पीएचडी करून राहिली होती. घरी आजी मराठी बोलायची म्हणून तिला सगळं समजायचं, पण बोलायला गेली की दोन शब्दांनंतर हिंदी. मी मराठी आहे कळल्यावर लगेच मला मावशी म्हणायला लागली. पिशवीतून तिनं एक झाकणाची गोल बशी काढली. आत पिवळसर काही तरी थिजलेलं, जिलेटिनच्या वडीसारखं.

"मावशी, यह एक घंटा यहीं रहेगी. इसमें बैक्टीरिया का खाना है." तिनं झाकण काढून बाजूला कागदावर ठेवलं. "ध्यान रखना, इसमें कुछ गिरना नहीं चाहिए."

आणि ती दुसरी बशी घेऊन हत्यारांच्या खोलीकडे गेली.

मी बशीजवळ बसली. वर झरोक्यात दोन कबुतरं. भिंतीचा चुना सुटलेला. समोरून शाळेची पोरं खोकत चाललेली. आणि खाली अन्न, उघडं! माझी माय म्हणायची, उघडं अन्न आन् उघडं तोंड, दोन्हीत माशी जाते. आमच्या घरी पाण्याचा पितळी गुंडसुद्धा कधी झाकणाशिवाय राहिला नाही. आणि इथं तर बाईनं स्वतः सांगितलं होतं, कुछ गिरना नहीं चाहिए. झाकण हाताशी होतं. मला वाटलं, लहान आहे, घाईत झाकायचं विसरली.

मी झाकण दोन बोटांनी कडेला धरून अलगद ठेवलं. पदरानं पुसलं नाही. जाँच होती ना.

तासाभरानं तिच्या चपला वाजल्या तसं झाकण उचलून होतं तसं कागदावर ठेवलं. पोरीला तिची चूक दाखवून लाज काहून आणायची?

असं दर बुधवारी झालं. पाच बुधवार.

पहिल्याच आठवड्यात ती बशा घेऊन दाखवायला आली. दोन दिवस त्या उबेत ठेवायच्या असतात म्हणे. हत्यारांच्या खोलीतल्या बशीत पांढरे-पिवळे ठिपके, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. माझी बशी कोरी.

"मावशी, आपके हॉल में तो एक भी कॉलनी नहीं है!"

"कॉलनी इथं कुठली मॅडम? आमची कॉलनी अधारतालला. मी तिथून ऑटोनं येते."

ती इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. मग तिनं सांगितलं, एकेका दाण्याला कॉलनी म्हणतात, जंतूंची वस्तीच ती. मी समजली, म्हणजे नासलेलं अन्न. तिकडचं नासलं, माझं नासलं नाही. याच्यात नवल ते काय?

पण बडे बाबूंना नवल वाटलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं आणि मला हुकूम झाला: दीदी पोछा कसा मारते ते हत्यारांच्या खोलीवाल्याला शिकवा. तिथं पलटणीतून रिटायर झालेले एक भैया होते, आम्ही त्यांना फौजी म्हणायचो. मिशा तलवारीसारख्या.

"बाईजी," ते म्हणाले, "हमने बर्फ में बॉर्डर सँभाला है. अब आप हमको पोछा सिखाएँगी?"

"भैया, पाणी जरा जास्त घ्या आणि पिळून घ्या," मी खाली मान घालून सांगितलं. मला त्यांची भीती वाटायची आणि कीवही यायची. त्यांनी पिळून घेतलं. पुढच्या बुधवारी त्यांच्या बशीत दाणे वाढले. त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघताना नुसती मिशी पिळायचे.

साहेबांनी एकदा येता-जाता "वाह" म्हटलं. मला वाटलं, मार्चचा कागद झालाच.

पाचव्या बुधवारनंतर मॅडम आली ती बुद्धांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मला वाटलं मूर्तीचा फोटो घेते. पाहते तर रडून राहिली.

"काय झालं बाई? कोण बोललं तुले?" घाबरली की माझं 'मॅडम' सुटतं.

"मावशी, माझे सर म्हणते, मी आकडे... मन से लिख दिए." नाक पुसलं. "कहते हैं, यह म्यूज़ियम है कि ऑपरेशन थिएटर? जहाँ आदमी साँस लेता है, वहाँ हवा में से कुछ तो गिरेगा. ज़ीरो आ ही नहीं सकता. म्हणून तर प्लेट उघडी ठेवते ना मी!"

म्हणजे ती विसरली नव्हती.

"पण तुम्हीच त म्हणाल्या, कुछ गिरना नहीं चाहिए."

"अरे मावशी, चूना! कबूतर की बीट! बच्चों की टॉफी!"

ती पुन्हा रडायला लागली. तिला अजून कळलं नव्हतं. मार्चला दोन आठवडे होते. मी गप्प बसली असती तर कोणाला काही समजलं नसतं. साहेबांचं 'वाह' माझ्याकडे राहिलं असतं आणि ही पोरगी खोटारडी ठरली असती. खोटं न बोलायचं शील मी त्याच रविवारी विहारात मोठ्यानं म्हटलं होतं. तिथं म्हणणं सोपं असतं, मागची बाई ऐकते म्हणून आवाज चढतो. इथं तर साक्षात समोर बसलेले, तुटक्या नाकानं.

"मॅडम," मी म्हटलं, "मी झाकण ठेवत होती."

"क्या?"

"दर बुधवारी. तुम्ही गेल्या की ठेवायची, आल्या की काढायची."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कोऱ्या बशीकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. हसता हसता चौथऱ्याला टेकली.

"मूर्तीला टेकू नका," मी सवयीनं म्हटलं.

आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. बडे बाबू मध्येच उठून उभे राहिले. "मतलब हमने फौजी को पोछा सिखवाया, एक ढक्कन के पीछे?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. ती म्हणाली, बंद बशीत काही उगवलं नाही म्हणजे तिचा माल शुद्ध होता, हे आता तिला सरांना दाखवता येईल. अशी एक बंद बशी तिनं स्वतःच ठेवायला पाहिजे होती.

"दीदी, पूरा घंटा वहीं बैठती थीं?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. पाणी प्यायलाही उठली नाही."

"अब से खुली रखिए. मार्च का मार्च में देखेंगे."

'देखेंगे' हा शब्द मी घरी घेऊन गेली आणि त्याच्यासोबत झोपली.

पुढच्या बुधवारी बशी उघडी आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. एका पोरानं शिंक दिली तेव्हा माझा जीव अर्धा झाला, पण हात काढला नाही. दोन दिवसांनी दाणे मोजले. पांढरे, पिवळे, एक तर गुलाबी, चांगला ऐटदार. फौजीभैयापेक्षा नऊ जास्त.

"ही बहुतेक आपल्याच अंगावरची," मॅडम आनंदानं म्हणाली. "तुमची, माझी, पोरांची."

मी तिच्यासाठी हसली, पण मार्च आठवून लगेच थांबली. फौजीभैया मुद्दाम येऊन बशी बघून गेले. "बाईजी, पोछा सीखना हो तो बताइए."

मार्चच्या शेवटी बडे बाबूंनी बोलावलं. टेबलावर माझा कागद होता, खाली साहेबांची सही. कामाच्या रकान्यात झाडू, पोछा, हॉल असं छापलेलं आणि पुढं पेनानं वाढवलेलं: प्लेट. दर बुधवारी.

डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. मी सही केली, कागदावर पाणी पडू नये म्हणून मान मागं घेऊन. मग पेनाचं टोपण उचललं आणि हात तसाच थांबला.

"बाबूजी," मी विचारलं, "लगाऊँ?"