एकाच दुखण्याची माणसं

सोलापूरच्या डॉक्टरांनी माझ्या यजमानांना बाहेर बोलावलं, तेव्हाच मला कळलं की दुखणं साधं नाही. बरेच दिवस पोटात डावीकडं जड लागायचं, फळ्यापाशी उभी राहिले की दम लागायचा. निजामाचं राज्य जाऊन शाळा मराठी झाल्या, तेव्हा मला अणदूरला मास्तरीण म्हणून नोकरी लागली होती. परतताना एसटीत यजमान खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर मीच म्हणाले, "रक्त माझं तपासलंय. काय निघालं ते मला सांगा."

"रक्ताचा कॅन्सर," एवढं बोलून ते रडायला लागले. मग म्हणाले, "हळूहळू वाढणारा हाय. गोळ्या घ्यायच्या, दर महिन्याला रक्त दाखवायचं. पण पुरता बरा व्हायचा न्हाय."

काही दिवस मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. पडून राहण्यानंही दुखणं कमी होईना, तेव्हा उठले आणि शाळेत गेले. हेडमास्तरांकडून खुर्ची मागून घेतली आणि बसून शिकवायला लागले.

पुढं दवाखान्याच्या बाकड्यावर नळदुर्गच्या एक बाई भेटल्या. त्यांच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. मी त्यांना आपा म्हणायला लागले.

"तुमाला काय झालंय, बाई?" त्यांनी विचारलं.

मागं उभा असलेला त्यांचा नवरा मला मानेनं नको नको म्हणत होता. का ते मला उमगलं नाही; मी माझं दुखणं सांगितलं. माझ्या हातातली गोळ्यांची पुडी बघून आपांनी आपली पुडी काढली. गोळ्या त्याच होत्या. त्या वळून नवऱ्याला म्हणाल्या, "अन् मला अंगात रक्त कमी हाय म्हणून सांगितलं व्हय?"

"तुमी लई वाईट केलं, बाई," तो मला म्हणाला आणि त्यांना घेऊन निघून गेला.

तोच माणूस आठवडाभरानं शाळेच्या दारात उभा. "जेवंना, गोळ्या घेईना. तुमालाच बोलवा म्हणतीय."

रविवारी मी नळदुर्गला गेले. आपांची बाज मागच्या पडवीत टाकली होती. ताट, पेला, सगळं वेगळं. हे दुखणं पोरांना लागेल अशी सासूला भीती होती. मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. ते लागत नाही. मी सासूबाईंना तसं सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. मग आपांच्याच पेल्यानं पाणी प्याले आणि म्हणाले, "अम्मा, मला तर आधीच हाय, माझं सोडा. पण माझी लेक माझ्याच ताटात जेवती. तिला कुठं काय झालंय?"

सासूबाईंनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग त्यांनी सुनेला आत, चुलीजवळ आणून बसवलं.

"मरायचं तर हायच, बाई," आपा मला म्हणाल्या. "पण त्या पडवीत न्हाय."

त्यानंतर आम्ही एकाच दिवशी सोलापूरला जायला लागलो. बस नळदुर्गहून यायची, आपा माझ्यासाठी जागा धरून ठेवायच्या. वाटेत इटकळला चढणारा एक शेतकरीही आमच्यासारखाच रोगी निघाला. बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या होत्या. मी त्याला समजावत बसले, तो नुसता हसला. आपा मात्र खेकसल्या, "मी बी सोडल्या होत्या! पोट असं फुगलं की लुगडं नेसता येईना. तुमाला औत धरायचंय का बाजंवर पडायचंय?" पुढच्या खेपेला तो पुडी घेऊनच बसमध्ये चढला.

आपा त्यानंतर दोन पावसाळे काढू शकल्या. शेवटी ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "इटकळच्या भाऊंवर ध्यान ठेवा. ते लई चुकार हायत."

त्या गेल्यावर मला दवाखान्याची पायरी चढू नये असं वाटायला लागलं. त्या महिन्यात मी जाणारच नव्हते. जायच्या दिवशी सकाळी इटकळचे भाऊ, सोलापूर सोडून उलट्या दिशेची बस धरून, अणदूरला माझ्या दारात आले. "चला बाई," ते म्हणाले, "रक्त दाखवायचंय."

मी पायात चपला घातल्या आणि निघाले. अजूनही दर महिन्याला जाते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर असते.